सांडलं लेकराने, उचलायचं कुणी?

(तरुण पालक आणि कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरातील भाषण)



संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "लहान मुलं कॅफेत जो पसारा करतात, तो आईबापांनी उचलायचा की नाही, यावर बोलतो." फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. इथे शिक्षणावर बोलणारे आहेत, शिष्यवृत्तीवर बोलणारे आहेत, संविधानावर बोलणारे आहेत आणि हा इंजिनिअर फ्राइज आणि पास्त्यावर बोलणार, असं त्यांना वाटलं असणार. तरी त्यांनी होकार दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. हा विषय मी निवडला, कारण या एका विषयात मी स्वतः नापास झालो होतो. आणि त्याचे साक्षीदार माझे अब्बा होते.

गेल्या वर्षीची गोष्ट. अब्बा डोळे तपासायला सोलापूरहून पुण्याला आले होते. रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे कोंढव्यातल्या एका कॅफेत गेलो. मी, माझी बायको, सहा वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा व्हायला आलेला मुलगा आणि अब्बा. मुलाला उंच खुर्चीत बसवलं. पुढे काय झालं असेल ते इथले आईबाप सांगू शकतील. पहिल्या पाच मिनिटांत फ्राइज खाली. मग पास्ता, तोही चीजवाला. मग दुधाचा ग्लास आडवा. दूध टेबलावरून माझ्या बायकोच्या ओढणीवर आणि तिथून फरशीवर. मुलगा खूश. वस्तू हातातून सोडली की खाली जाते, हा शोध त्याला नुकताच लागला होता आणि तो त्याची खात्री करून घेत होता.

निघायची वेळ झाली. बायको टेबलाखाली वाकून पास्ता वेचायला लागली. अब्बा प्लेटा एकात एक ठेवायला लागले, काटे-चमचे एका बाजूला, वापरलेले कागद दुसऱ्या बाजूला. आणि मी? मी मोबाइलवर बिल भरत होतो. भरून झालं आणि मी मोठ्याने म्हणालो, "अरे राहू द्या ना. ते करतील. पैसे देतोय आपण."

'ते' म्हणजे कोण, तर शेजारी झाडू आणि सुपली घेऊन उभा असलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याच्या समोरच मी हे बोललो. अब्बांनी हातातली प्लेट खाली ठेवली आणि काही न बोलता बाहेर गेले. बायको टेबलाखालून उठली आणि हळूच म्हणाली, "मी हिजाबमध्ये आहे. आपण उठल्यावर या टेबलाकडे बघून लोक काय म्हणतील, ते तुम्हाला ऐकू येत नाही. मला येतं."

रात्री मुलं झोपल्यावर मी चहा केला. अब्बा म्हणाले, "तुला माहीत आहे ना, मी हॉटेलात काम करायचो?" मला माहीत होतं, पण मी समजत होतो की गल्ल्यावर बसत असतील, हिशोब लिहीत असतील. ते म्हणाले, "नाही रे. फडका मारायचो." आमच्या दादांचं, म्हणजे अब्बांच्या वडिलांचं, सोलापूरच्या गिरणीतलं काम सुटलं, तेव्हा अब्बा अकरा वर्षांचे होते. दोन वर्षं ते एका हॉटेलात टेबलं पुसायचे आणि कपबश्या विसळायचे. पुढे रात्रशाळा केली आणि एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागले. त्याच पगारावर मी इंजिनिअर झालो.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. बाकरवाडीचे तुकडे, चहाचे ओघळ, विडीची थोटकं यांचं त्यांना काही वाटायचं नाही. पण माणसं जेवून हाडं टेबलावर तशीच टाकून जायची, ती हाताने वेचावी लागायची. "बेटा, हड्डी अलग रखी तो उठानेवाले को सहूलत होती," एवढंच म्हणाले. आणि मला आठवलं, लहानपणापासून मी त्यांना प्रत्येक दावतीत हेच करताना पाहिलं आहे. स्वतःची हाडं एका कडेला, शेजारच्याचीही ओढून आपल्या कडेला. मोठा झाल्यावर मला त्याची लाज वाटायची. इंजिनिअरिंगच्या मित्रांसमोर तर जास्तच. आमच्या घराला हॉटेलात कसं बसायचं ते कळत नाही, असं वाटायचं. खरं तर त्या टेबलावर बसलेल्यांत ते त्यांनाच सगळ्यांत जास्त कळत होतं.

चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात, ढाब्यांवर आणि घरकामाला ठेवण्यावर आपल्या देशात बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी जवळपास सगळ्याच कामांना लागू झाली. म्हणजे मी कॉलेजात जाईपर्यंत चहाच्या टपरीवर 'ए बारक्या' म्हटलं की फडका घेऊन धावणारं मूल मला दिसत होतं आणि त्यात काही वावगं आहे असं वाटत नव्हतं. त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर दोन मुलं आली. एक दोन वर्षांचं, पास्ता खाली टाकणारं. दुसरं अकरा वर्षांचं, तो वेचणारं. दोन्ही माझ्याच घरातली.

आता भावना बाजूला ठेवू आणि प्रश्नाकडे नीट बघू. कारण "उचललं पाहिजे" म्हणणं सोपं आहे. विरोधात जे मुद्दे येतात, ते मीही मांडलेले आहेत, म्हणून त्यांना उत्तर द्यायची जबाबदारीही माझीच.

पहिला मुद्दा, पैसे दिलेत. बरोबर. पण कशाचे? खाण्याचे, बसायच्या जागेचे, वाढण्याचे आणि नेहमीच्या साफसफाईचे. दोन माणसं कॉफी पिऊन उठली की टेबल पुसायचं, दिवसातून काही वेळा फरशी पुसायची, हे त्या पैशांत धरलेलं असतं. गाद्यांच्या फटीत घातलेला भात आणि तीन टेबलांपर्यंत तुडवत नेलेला केक त्यात धरलेला नसतो. आणि बिल जातं मालकाकडे. त्या टेबलामागे सफाई करणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही. त्याचा पगार ठरलेला आहे, आमच्या टेबलाने फक्त त्याचं काम वाढवलं.

दुसरा मुद्दा, ते त्यांचं कामच आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथलं उदाहरण देतो. रात्री सिस्टीम बंद पडली तर उठून ती चालू करणं हे ड्यूटीवरच्या माणसाचं कामच असतं. पण म्हणून मी संध्याकाळी चुकीचा कोड टाकून, तो चुकीचा आहे हे दिसत असताना, लॅपटॉप बंद करून घरी गेलो आणि म्हणालो की रात्रीचा माणूस बघेल, तर टीममध्ये मला कुणी उभं करणार नाही. चूक होण्याबद्दल कुणी बोलत नाही. चूक दिसूनही ती दुसऱ्याच्या पदरात टाकून जाण्याबद्दल बोलतात. एखादं काम करायला माणूस नेमलेला आहे, याचा अर्थ त्याचं काम मुद्दाम वाढवायचा परवाना आपल्याला मिळाला असा होत नाही.

तिसरा मुद्दा, मूल लहान आहे, त्याला काय कळतं. अगदी खरं, आणि या बाबतीत मी मुलांच्या बाजूने आहे. दीड-दोन वर्षांचं मूल वस्तू टाकणारच, हाताने चिवडणारच. त्यातूनच ते शिकतं. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. पण मुलाला कळत नाही म्हणून तर त्याच्यासोबत आपण असतो. सांडणं हे मुलाचं. सांडलेलं तसंच सोडून जाणं हा मोठ्या माणसाचा निर्णय असतो आणि त्याचा दोष मुलावर ढकलता येत नाही.

चौथा मुद्दा मला सगळ्यांत चलाख वाटतो. आपणच साफ केलं तर त्या गरिबाची नोकरी जाईल. याचं उत्तर मला सिंगापूरला मिळालं.

मी कंपनीच्या कामासाठी २०२१ ते २०२३ सिंगापूरला होतो. तिथे हॉकर सेंटर असतात, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पुष्कळ गाळे आणि मध्ये सगळ्यांसाठी टेबलं. मलय, चिनी, तमिळ, सगळे तिथे जेवतात. या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. तिथे टेबलं साफ करणाऱ्यांत म्हातारी माणसं खूप दिसतात. सप्टेंबर २०२१ पासून तिथे नियमाची अंमलबजावणी सुरू झाली की जेवून झाल्यावर आपला ट्रे, भांडी, कागद आपण उचलायचे आणि ठरलेल्या रॅकवर ठेवायचे. जानेवारी २०२२ पासून कॉफीशॉप आणि फूड कोर्टही त्यात आले. सुरुवातीला आधी तोंडी सांगायचे. न ऐकणाऱ्याला पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० सिंगापूर डॉलर दंड, पुढे कोर्ट. लहान मुलं, थकलेले वृद्ध, अपंग यांच्याबाबत सबुरीने घ्यायचं, हेही त्यात आहे. आपल्याला गंमत वाटेल, पण ट्रे ठेवायला हलाल आणि बिगर-हलाल असे वेगवेगळे रॅक असतात. म्हणजे मला नुसता ट्रे उचलायचा नव्हता, तो योग्य रॅकवर न्यायचाही होता. दोन वर्षं मी ते बिनबोभाट केलं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, ती कागदी रुमाल घेऊन माझ्यामागे यायची.

तिथल्या सफाई कामगारांची गरज संपली का? नाही. ट्रे उचलला तरी टेबल पुसावं लागतंच, जंतुनाशक लावावं लागतं, रॅक रिकामे करावे लागतात. पुढच्या माणसाला टेबल लवकर मिळतं आणि सत्तरीतल्या माणसाला खरकट्याचे ढीग वाहावे लागत नाहीत, इतकाच फरक. फरशी पुसायला माणूस लागणारच. आपल्या मुलाचा पास्ता उचलल्याने कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

आता मला सांगा, जो माणूस तिथे गुपचूप ट्रे उचलत होता, तो पुण्यात उतरल्यावर "ते करतील" का म्हणाला? दंड नव्हता म्हणून? थोडं तेही. पण मी विचार केला तेव्हा जाणवलं की तिथे मी परका होतो, जरा बिचकून वागत होतो. इथे मी साहेब होतो. आणि साहेबाने खाली वाकायचं नसतं, हे माझ्या डोक्यात कुणीतरी आधीच भरून ठेवलं होतं.

हे कुणी भरलं, यावर बोलायलाच हवं. आपल्या समाजात उष्टं कुणी उचलायचं, मैला कुणी काढायचा, हे जन्मावरून ठरत आलं. आपण मुसलमान म्हणतो, आमच्यात जात नाही, आम्ही एका थाळीत जेवतो. मग मेहतर, हलालखोर, लालबेगी ही नावं कुठून आली? पिढ्यान्पिढ्या सफाईच्या कामाला बांधलेली ही माणसं मुसलमानांमध्येही आहेत आणि त्यांच्याशी सोयरीक करायला बाकीचे तयार नसतात, हेही आपल्याला माहीत आहे. काम हलकं नसतं. ते ठराविक लोकांवरच टाकून त्याला हलकं केलं जातं. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी झाडू घेऊन रस्ते-गटारं साफ करायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आपण त्यांच्या नावाने अभियान चालवतो, पण झाडू अजून त्याच हातांत आहे. माझ्या "ते करतील" मधल्या 'ते'ला हा सगळा इतिहास चिकटलेला होता.

आणि एक विभागणी घरातली आहे. त्या दिवशी टेबलाखाली कोण होतं? बायको. मी भाषणाच्या शेवटी "आईबापांनी उचलावं" असं सांगितलं, तर घरोघरी त्याचा अर्थ "आईने उचलावं" असाच होईल, याची मला खात्री आहे. लग्नात दालचा-खाना होतो, पुरुषांच्या पंगती उठतात, आणि पोरांनी दस्तरखानावर सांडलेला भात गोळा करताना दिसतात त्या आपल्या खाला आणि भाभी, त्याही स्वतः जेवायच्या आधी. तेव्हा इथल्या बापांना माझी विनंती आहे. पहिल्यांदा तुम्ही वाका. मूल आईच्या कडेवर असतं, तिची ओढणी त्याच्या मुठीत असते आणि तिलाच खाली वाकावं लागतं. तुमचे दोन्ही हात मोकळे असतात.

आता बायको जे म्हणाली त्याकडे येतो. "लोक काय म्हणतील." हे वाक्य मला दोन बाजूंनी टोचतं. पुण्यात भाड्याने घर शोधताना एका एजंटने मला, अजून घरही न दाखवता, सांगितलं होतं की सोसायटीत स्वच्छता पाळावी लागेल. माझ्यासोबत आलेल्या सहकाऱ्याला त्याने ते सांगितलं नाही. त्याचं आडनाव वेगळं होतं. इथल्या अनेकांना असा अनुभव असेल. त्यामुळे आपल्या बायका-मुलींना बाहेर सतत परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. दुसऱ्या कुणाच्या मुलाने सांडलं तर मूल खोडकर. आपल्या मुलाने सांडलं तर 'हे लोक असेच'.

यावर माझं म्हणणं असं. आपण कुणाला दाखवण्यासाठी साफ करायचं नाही. आपल्यावर घाणेरडेपणाचा शिक्का मारणाऱ्याला एक स्वच्छ टेबल दाखवून तो शिक्का पुसला जात नाही. तो माणूस पुढचं टेबल शोधेल. नागरिक म्हणून आपला मान आपण सिद्ध करायचा नसतो, तो आपला हक्कच आहे. साफ करायचं ते त्या झाडूवाल्या मुलासाठी. तो हिंदू असो, मुसलमान असो, कुठल्याही गावचा असो. हे दोन हेतू वरून सारखे दिसतात, पण वागण्यात फरक पडतो. लोकांसाठी साफ करणारा माणूस लोक बघत नसतील तेव्हा सोडून देतो. आपण आपल्याच मोहल्ल्यात कसे वागतो ते बघा. रमजानच्या रात्री खाण्याच्या गाड्यांवर गर्दी असते, सगळे आपलेच असतात, आणि पहाटे रस्त्यावर कागदी प्लेटा, हाडं, खजुराच्या बिया पडलेल्या असतात. तिथे "लोक काय म्हणतील" कुणाला आठवत नाही. आणि सहेरीनंतर आपण झोपतो तेव्हा महापालिकेची बाई झाडू घेऊन येते. स्वच्छतेचा ईमानाशी संबंध सांगणारी पाटी त्याच रस्त्यावरच्या भिंतीवर असते.

आता प्रत्यक्ष काय करायचं? इंजिनिअर आहे, त्यामुळे यादी दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. यातलं बरंचसं मला त्या कॅफेतल्या मुलाने शिकवलं. दोन आठवड्यांनी मी एकटाच परत गेलो आणि त्याची माफी मागितली. त्याला माझं वाक्य आठवतही नव्हतं. म्हणाला, "सर, रोज होतं." तो बंगालमधल्या मालदाकडचा आहे, घरी धाकटी बहीण शिकते. गर्दी नव्हती, म्हणून थोडा वेळ बोलला.

एक. घट्ट गोष्टी आधी उचलायच्या, कोरड्या कागदाने. भातावर किंवा पास्त्यावर ओला वाइप फिरवला तर तो पसरतो आणि फरशीला चिकटतो. मी तेच करत होतो. तो हसून म्हणाला की साहेब साफ करतात तेव्हा कधीकधी काम दुप्पट होतं.

दोन. फरशी पुसायला जाऊ नका, पोछा मागू नका. ते त्याचं काम आहे आणि ते त्यालाच नीट येतं. तुम्ही मोठे तुकडे उचला, सांडलेल्यावर कागद टाका म्हणजे ते पसरत नाही.

तीन. पाणी किंवा दूध सांडलं तर लगेच सांगा. कुणीतरी घसरून पडेल. गुपचूप निघून जाणं त्याला सगळ्यांत महाग पडतं.

चार. काच फुटली तर हात लावू नका, मुलाला उचलून बाजूला व्हा आणि हाक मारा. इथे मदत करण्यापेक्षा सावध राहणं जास्त उपयोगाचं.

पाच. डायपर. हे सांगताना तो जरा अवघडला. लोक डायपर खुर्चीखाली ठेवून जातात, कधी टेबलावरही. हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. कागदात गुंडाळा, पिशवीत घाला, कचऱ्याच्या डब्यात टाका, डबा नसेल तर घरी न्या. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने अशा कचऱ्याचं कागदात पुडकं करून त्यावर लाल ठिपका द्या, म्हणजे आम्हाला ते हाताने उघडून बघावं लागत नाही, असं नागरिकांना सांगितलं आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही डायपर गुंडाळूनच द्यायला सांगितलं होतं. एक लाल ठिपका काढायला किती वेळ लागतो?

सहा. मुलाला सामील करून घ्या. दोन वर्षांचं मूल चमचा उचलून हातात देऊ शकतं. शिक्षा म्हणून नको, खेळ म्हणून. घरी जे होतं तेच बाहेर होईल. घरी ताट उचलत नसाल तर कॅफेत ते नाटक वाटेल.

सात. टिप द्या, जरूर द्या, पण त्याच्या हातात द्या. आणि टिप ही उचलण्याच्या बदल्यात नको, उचलून वर द्या.

आठवी गोष्ट त्याने नाही सांगितली, मी जोडतो. त्याच्याकडे बघा. निघताना "भाऊ, मुलाने जरा सांडलंय, जमेल तेवढं उचललं" इतकं म्हणा. माझ्या वाक्यात सगळ्यांत वाईट काय होतं, तर तो समोर उभा असताना मी तो नसल्यासारखं बोललो.

आता दुसरी बाजू. इथे बसलेल्या काही ताई म्हणत असतील, याचं काय जातं सांगायला. एक मूल रडतंय, दुसऱ्याला शू लागलीय, सोबत कुणी नाही, अशा वेळी वेचत कोण बसणार? बरोबर आहे. ज्याला ज्या दिवशी जमतं त्याने त्या दिवशी करावं. एकटी आई, आजारी माणूस, विशेष गरजा असलेल्या मुलाचे आईबाप यांना कुणी हिशोब विचारू नये. त्यांनी नुसतं सांगून निघावं, ते पुरेसं आहे. शेजारच्या टेबलावर आपण असू तर नाक मुरडण्याऐवजी उठून विचारावं, "ताई, मी उचलू का?" असं कुणी विचारलं की काय वाटतं, ते लहान मूल घेऊन एकट्याने रेल्वेचा प्रवास केलेल्याला विचारा.

आणि कॅफेवाल्यांचीही जबाबदारी आहे. मुलांसाठी उंच खुर्ची हवी, ग्राहकाला दिसेल असा कचऱ्याचा डबा हवा, कागद हवेत आणि सुट्टीच्या दिवशी सफाईला पुरेशी माणसं हवीत. एकाच मुलाला वीस टेबलं द्यायची आणि मग "लहान मुलं नकोत" अशी पाटी लावायची, हे चालणार नाही. मुलं ही शहरातली माणसं आहेत. ज्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं आहेत, तिथल्या तरुण आईला महिन्यातून एकदा बाहेर बसून कॉफी प्यायची असेल तर ती जागा तिचीही आहे. मी उचला म्हणतो, ते तिला घरी बसवण्यासाठी नव्हे. तिने निश्चिंत बाहेर यावं म्हणून.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर अब्बा परत पुण्याला आले. आम्ही त्याच कॅफेत गेलो. मुलाने या वेळी भात सांडला. मी खाली वाकलो, गुडघे कुरकुरले. मुलगी सिंगापूरच्या सवयीने कागद घेऊन आली. बायको पहिल्यांदाच कॉफी गरम असताना पीत होती. मी भात वेचत असताना वरून अब्बांचा आवाज आला, "उधर भी है, खुर्ची के पीछे." मी तिकडचाही वेचला. मालदाचा मुलगा पोछा घेऊन आला, म्हणाला, "बस सर, आता माझं." अब्बांनी प्लेटा एकात एक लावून त्याच्या हातात दिल्या. या वेळी मी त्यांना अडवलं नाही.

आता जेवणाची सुट्टी आहे. ताटं कुठे ठेवायची ते संयोजकांनी सांगितलंच आहे.